वाकडा कप कुणाला परवडतो?

गेल्या वर्षी एका रविवारी, वयाच्या ३१ व्या वर्षी, मी पहिल्यांदा कुंभाराच्या चाकावर बसले. त्यासाठी मी २,२०० रुपये भरले होते. आणि मी कुंभाराची मुलगी आहे.

हे वाचून हसू आले तर हसा. मलाही आले होते. पण त्या दिवसापासून मनात जे साचले आहे ते आज लिहायचे आहे, कारण ही गोष्ट माझ्या एकटीची नाही आणि फक्त मातीचीही नाही.

बंगळूरमध्ये मी एका औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. विभागातल्या मुलींनी ठरवले, या रविवारी पॉटरी करू. एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणात स्टुडिओ होता. आत पाऊल टाकले, फळ्यांकडे नजर गेली आणि खरे सांगते, जीव हरखला. डोळे मिटून हसणारे मग. कोंबडीच्या चोचीतून चहा ओतणारी किटली. पिवळ्या ठिपक्यांचा हत्ती, ज्याच्या पाठीवर साबण ठेवायचा. तीन पायांचा कप. कमळाच्या पानासारखी दुमडलेली बशी. निळा, पोपटी, गुलाबी, हळदी असे रंग. एकही वस्तू दुसरीसारखी नाही आणि एकही सरळ उभी नाही. एका बाजूला कललेल्या एका कपाखाली किमतीची चिठ्ठी होती: १,४५० रुपये.

शिकवणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. त्यांनी सुरुवातीलाच इंग्रजीत सांगितले की इथे चूक नावाची गोष्ट नसते. वाकडे झाले तर होऊ द्या, तेच तुमचे वेगळेपण. मग ओळखी झाल्या. माझे आडनाव ऐकून त्या थबकल्या. कन्नडमध्येही कुंभाराला 'कुंबार'च म्हणतात, त्यामुळे मला काही समजावून सांगावे लागले नाही. त्यांचा चेहरा उजळला. "मग हे तर तुमच्या रक्तातच आहे!" सगळ्या माझ्याकडे वळून पाहू लागल्या. मी चाकाच्या मधोमध गोळा ठेवला, पाय दाबला आणि तो गोळा उडून शेजारणीच्या मांडीवर पडला. असे तीनदा झाले.

रक्त त्या दिवशी सुट्टीवर असावे.

आमचे घर धाराशिव जिल्ह्यात, गोरोबाकाकांच्या तेरपासून एसटीने तासाभरावर. घरात चाकावर फक्त पुरुष बसायचे. आजीने, आईने, काकूने चाकाला हात लावायचा नाही. पाळीच्या दिवसांत तर चाकाजवळून जायचेही नाही. हा नियम आमच्या एकट्या घरचा नव्हता, देशातल्या अनेक कुंभार समाजांत तो आहे. पण चाकाच्या अलीकडचे आणि पलीकडचे बहुतेक सगळे काम बायकांचे. ओढ्याकाठची माती डोक्यावरून आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची. त्यात लीद आणि राख कालवायची, तुडवायची. चाकावरून उतरलेली ओली भांडी सावलीत ठेवून फिरवत राहायची, गेरू द्यायचा, आव्यासाठी गोवऱ्या आणि पाचट जमवायचे, आणि शेवटी पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायचे.

'कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येणारच' ही म्हण तुम्हीही शाळेत पाठ केली असेल. आमच्या वर्गात बाईंनी तिचा अर्थ विचारला तेव्हा मुले माझ्याकडे बघून हसली होती आणि मला आईची राखेची पाटी दिसत होती. ज्याने कुणी ही म्हण पाडली, त्याला कुंभारणीच्या कामाची चांगली माहिती होती. फक्त त्या कामाला मान द्यायचा नव्हता.

म्हणून कुणी 'रक्तात आहे' म्हणाले की मला विचारावेसे वाटते, नक्की कुणाच्या? मणिपूरच्या आंद्रो गावात बायका चाकाशिवाय, नुसत्या हातांनी मडकी घडवतात आणि तिथे ते काम बायकांचेच मानले जाते. माझ्या गावात बाई चाकाला शिवली तर आवा बिघडतो असे म्हणत. एकाच देशात, एकाच मातीबद्दल दोन उलटे नियम असतील तर ते रक्तातून आलेले कसे असतील? ते माणसांनी घातलेले आहेत. जात हेच करते. आधी बाकीची दारे बंद करते आणि मग जो एका खोलीत कोंडला गेला त्याला सांगते की या खोलीचे ज्ञान तुला जन्मतःच आहे. माझ्या वडिलांना सातवीत शाळेतून काढले तेव्हा गुरुजी आजोबांना हेच म्हणाले होते: कुंभाराचे पोर, त्याच्या हातात माती उपजतच असते, त्याला इंग्रजी कशाला. बंगळूरच्या बाई कौतुकाने बोलल्या आणि गुरुजी तुच्छतेने. वाक्य मात्र एकच होते.

आता वाकडेपणाकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

वडील चाकावर बसले की बोलत नसत. बाजारात गिऱ्हाईक माठ उचलते, टिचकी मारते, कान देऊन ऐकते. खणखणीत आवाज आला तर भाव करायला बसते, बद्द आला तर माठ खाली ठेवून पुढे जाते. तोंड जरा तिरके असेल किंवा बूड बसके, तर निम्म्या पैशांतही कुणी नेत नाही. आजोबांच्या काळात बलुते होते. वर्षभरात एखाद्या मोठ्या घरी गळका रांजण गेला असेल तर सुगीला खळ्यावर चार माणसांत ऐकून घ्यावे लागे आणि धान्याचे सूप थोडे कमीच भरे. उघड्या आव्यात वारा फिरला की ताप फिरतो. काही भांडी तडकतात, काही अर्धी कच्ची राहतात. त्यात कुंभाराचा दोष काय? पण खापर त्याच्याच डोक्यावर फुटायचे.

तोच तिरकेपणा बंगळूरच्या फळीवर १,४५० रुपयांना उभा होता. मी बऱ्याच रात्री यावर विचार केला. याचे उत्तर मला सौंदर्यशास्त्रात सापडले नाही, हिशोबात सापडले. ज्याच्या घरचा किराणा त्या कपावर अवलंबून नाही, त्याची चूक प्रयोग ठरते. ज्याचा किराणा त्यावर अवलंबून आहे, त्याची चूक नालायकी ठरते. आणि ज्याच्या नावाला जात चिकटलेली आहे, त्याची चूक त्याच्या एकट्याचीही राहत नाही. ती सगळ्या जातीच्या नावावर मांडली जाते.

घरातले पहिले पदवीधर म्हणून तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत मी 'डिटर्मिन' या शब्दाचा उच्चार 'डिटरमाईन' असा केला. परीक्षक हसले. गाव विचारले. मग प्रवर्ग विचारला. एका उच्चारापासून प्रवर्गापर्यंत पोहोचायला त्यांना दोन प्रश्न पुरले. त्याच वर्गात एक मुलगा होता, प्राध्यापकाच्या घरातला. त्याने एका सत्रात तीन ब्युरेट फोडल्या. सर त्याला लाडाने 'वेंधळा शास्त्रज्ञ' म्हणायचे. माझ्याकडून एकही ब्युरेट फुटली नाही, कारण दंड भरायला पैसे नव्हते. मी दोन वर्षे त्या प्रयोगशाळेत काचेवरून चालल्यासारखी वावरले. आजही माझी नोकरी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची आहे आणि ती मी उत्तम करते, कारण चुकीची भीती मला लहानपणापासून सवयीची आहे.

गंमत करायची मुभा, वेंधळेपणा करायची मुभा, वाकडे काढून त्यावर नाव कोरायची मुभा, ही सगळी संपत्ती आहे. जमिनीसारखी ती पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येते. आपल्याला जमीन मिळाली नाही तशी हीसुद्धा मिळाली नाही. आरक्षणाने आपण वर्गात पोहोचलो, पण वर्गात चुकायचा हक्क कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेला नसतो.

इथे एक गैरसमज दूर करते. आमच्या लोकांना गंमत कळत नव्हती असे मी म्हणत नाही. आजी पोळ्याला मातीचे बैल करायची. एकाची मान वळलेली, एकाचे वशिंड टोपीसारखे, एक चक्क हसणारा. उरल्यासुरल्या मातीच्या शिट्ट्या, भातुकलीची बोळकी, इवलीशी चूल, तिच्यावर इवलासा तवा. चुन्याचे ठिपके, गेरूचे पट्टे, हळदकुंकवाचे डोळे. चाकाला हात लावायचा नाही, मग तिने चाकाशिवायच आपले जग घडवले. मी पाहिलेली सगळ्यात विक्षिप्त आणि रंगीत भांडी तिच्या हातची होती. तमिळनाडूत वेळार कुंभार अय्यनारासाठी माणसाहून उंच मातीचे घोडे उभारतात, राजस्थानच्या मोलेलात देवांच्या मातीच्या पाट्या घडतात, बंगालच्या पांचमुऱ्यात लांब मानेचे, ताठ कानांचे घोडे होतात. कल्पकतेचा दुष्काळ कधीच नव्हता. पण आजीचे बैल 'कलाकृती' नव्हते. ते वर घातलेले होते, धान्यावर मूठभर दाणे वर घालावेत तसे. त्यांना किंमत नव्हती आणि तिला नाव नव्हते. पोळा झाला की बैल उकिरड्यावर जायचे.

आणि रंग? लोक म्हणतात, कुंभाराची लाल-काळी भांडी किती साधी, किती मातीशी इमान राखणारी. मी रसायनशास्त्र शिकले आहे म्हणून सांगते. उघड्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियस ताप मिळतो. स्टुडिओतला चकचकीत, पाणी न झिरपणारा स्टोनवेअर कप भाजायला १,२०० अंशांच्या वर जावे लागते. त्यासाठी विजेची किंवा गॅसची भट्टी लागते, तिला भिंती लागतात, भिंतींना जागा लागते. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. सिलिका, ती लवकर वितळावी म्हणून फेल्डस्पारसारखे पदार्थ, आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडे. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबे, तपकिरीसाठी लोह. भडक लाल आणि केशरी रंगांसाठी कॅडमियम-सेलेनियमचे तयार रंग विकत घ्यावे लागतात. आजीला निळा आवडत नव्हता असे नाही. ती आयुष्यभर निळेच लुगडे नेसली. पण कोबाल्ट ओढ्याकाठी सापडत नाही. ज्याला ते 'साधेपणा' म्हणतात ते बऱ्याचदा भांडवल नसणे असते, आणि गरिबीला साधेपणा म्हणणे ही पोट भरलेल्यांची आवडती चैन आहे.

आता नावांचा हिशोब. भारतातल्या स्टुडिओ पॉटरीचा इतिहास उघडा. जपानमध्ये शिकून आलेले गुरुचरण सिंग आणि त्यांनी १९५२ मध्ये दिल्लीत उभी केलेली दिल्ली ब्लू पॉटरी. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत सुरू केलेली गोल्डन ब्रिज पॉटरी, जिथून अनेक नामवंत तयार झाले. या लोकांनी प्रामाणिकपणे काम केले, शिकवले. माझे भांडण त्यांच्याशी नाही. भांडण त्या विचाराशी आहे ज्यात कुंभार नेहमी निनावी असतो आणि त्याचे गुण गाणारा नेहमी नामवंत. आनंद कुमारस्वामींनी १९०९ मध्ये 'द इंडियन क्राफ्ट्समन' लिहिले. वंशपरंपरेने, जातीच्या चौकटीत काम करणाऱ्या कारागिराचे त्यात मोठे गुणगान आहे. जपानमध्ये यानागी सोएत्सु यांनी निनावी कारागिराच्या हातच्या सौंदर्याचे तत्त्वज्ञान मांडले आणि स्टुडिओ कुंभारांच्या जगात ते फार मानले गेले. निनावी असण्यात थोरवी आहे हे नेहमी ज्याला नाव आहे तोच सांगतो. माझ्या आजोबांना निनावी राहायचे नव्हते. त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

अपवाद आहेत आणि ते मी अभिमानाने सांगते. बिहारच्या कुंभार घरातून आलेले, मुंबईजवळ भाईंदरला काम करणारे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. मणिपूरच्या थोंगजाओच्या नीलमणी देवींना ती त्याआधी, २००७ मध्ये मिळाली. पण अपवादांची नावे बोटांवर मोजता येतात, यातच सगळे आले.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, ही आपल्या जातीची कैफियत घेऊन आली आहे. तेवढ्यावर थांबले तर मी खोटी ठरेन. म्हणून जे मी आजवर कुणाला सांगितले नाही ते सांगते.

आमच्या घरी गोठ्याच्या कोनाड्यात एक कप पालथा ठेवलेला असायचा. चिनी मातीचा, बाजारातून आणलेला, काठावर निळी रेघ. त्याचा कान तुटलेला होता. मांगवाड्यातले एक आजोबा दोरखंड आणि केरसुण्या घेऊन यायचे तेव्हा त्यांचा चहा त्या कपात वरून ओतला जायचा. पिऊन झाल्यावर ते स्वतः कप विसळायचे आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचे. खळ्यावर मान खाली घालून ऐकणारे माझे आजोबा इथे ओट्यावर बसून त्यांच्याशी 'अरे-तुरे'त बोलायचे. वसतिगृहात माझी खोलीतली मैत्रीण बौद्ध होती. एका रात्री बोलता बोलता तिने विचारले, "तुमच्या घरी होता का गं तसला कप?" मी म्हटले, "नाही. आम्ही स्वतःच बलुतेदार, आमच्याकडे कुठला?" होता. आज बारा वर्षांनी सांगते आहे, होता.

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती मला पुस्तकात नंतर कळली, कोनाड्यात आधी दिसली होती. प्रत्येकाला वरून मार आणि प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी. आणि आमच्या धंद्याचा तर विटाळाशी जवळचा संबंध होता. धातूचे भांडे विटाळले तर घासून घेता येते, मातीचे फोडावे लागते. घरात मृत्यू झाला, सुतक फिटले, मडकी बाहेर. कुणी 'नको त्या' माणसाने स्पर्श केला, मडके बाहेर. प्रत्येक फुटलेल्या मडक्यामागे एक नवे मडके विकले जायचे. विटाळाने मांगवाड्याला गावाबाहेर बसवले, पण कुंभाराच्या चुलीला त्याच विटाळाने थोडे सरपणही घातले. हा हिशोब चुकता केल्याशिवाय कुंभार समाजाने स्वतःला नुसते पीडित म्हणवून घेऊ नये.

तुटक्या कानाचा कप फक्त आमच्या कोनाड्यात नव्हता. तमिळनाडूच्या चहाच्या टपऱ्यांवर दोन वेगळ्या पेल्यांची पद्धत होती, गुजरातेत दलितांसाठी बाजूला ठेवलेल्या भांड्याला 'रामपात्र' असे गोड नाव होते. आणि आता कान नसलेला, काठ तुटल्यासारखा दिसणारा कप मुद्दाम तसा घडवून दिवाणखान्यात मिरवला जातो. मला तो कप सुंदर वाटतो. पण तो हातात घेतला की मला कोनाडा दिसतो. ज्यांना तो दिसत नाही, त्यांनी निदान एवढे तरी समजून घ्यावे की त्यांचे न दिसणे हीसुद्धा एक मिळकत आहे.

मग करायचे काय? सरकारकडे एक उत्तर आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक धंद्यांत कुंभारही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज. माझ्या चुलतभावाचा अर्ज मीच भरून दिला. त्याला विजेचे चाक मिळाले आणि त्याचे खांदे वाचले. ज्याला मदत मिळते त्याने ती जरूर घ्यावी. पण योजनेचा हेतू वाचा: गुरू-शिष्य परंपरा किंवा कुटुंबात चालत आलेले पारंपरिक कौशल्य बळकट करणे. कुटुंबात चालत आलेला धंदा म्हणजे आपल्या देशात काय, हे सांगायला हवे का? याच कारणासाठी तमिळनाडू सरकारने ही योजना या स्वरूपात राबवायला नकार दिला. त्या राज्याला आठवण आहे. १९५३ मध्ये राजाजींनी तिथे योजना आणली होती: मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळेत घरी बापाचा धंदा शिकायचा. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने ती 'कुलशिक्षण' म्हणून झोडपली. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. ती चालली असती तर माझ्यासारख्या किती मुली आज मातीच चाळत असत्या?

१९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी धंद्याबद्दल जो मुद्दा मांडला तो इथे नेमका लागू होतो. दोष कुठल्या एका कामात नाही. माणसाला काम निवडू न देण्यात आहे. म्हणून 'परत मातीकडे चला' हे आपल्यासाठी उत्तर नाही. आणि 'मातीचे नावही काढू नका' हेही नाही, कारण तेही जातीनेच ठरवलेले आहे. मी बारा वर्षे आडनाव पुटपुटत सांगितले. ती लाज माझी नव्हती, पण ओझे मीच वाहिले.

कुणी म्हणेल, मग काय, इतर जातींच्या लोकांनी माती करूच नये? जरूर करावी. ब्राह्मणाच्या मुलीने चाकावर बसावे, माती तुडवावी, भट्टीपुढे घाम गाळावा. जात मोडायची तर धंद्यांची कुंपणे दोन्ही बाजूंनी मोडली पाहिजेत. पण आज कुंपण एकाच बाजूने मोडते आहे. त्यांना आमच्या चाकापर्यंत यायला एक रविवार पुरतो. आम्हाला त्यांच्या भट्टीपर्यंत, त्यांच्या कलादालनापर्यंत, त्यांच्या इंग्रजीपर्यंत जायला तीन पिढ्या लागतात. कला जातीपलीकडे असते असे म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या स्टुडिओत माती कोण मळते, भट्टी कोण रचते आणि भांड्याच्या बुडावर सही कुणाची असते हे पाहावे. मोरबी, थानगढच्या सिरॅमिक कारखान्यांत सिलिकाची धूळ छातीत जाऊन सिलिकोसिसने कामगार मरतात. त्यांच्या हातून गेलेल्या वस्तूवर कुणाचीच सही नसते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. माती मळणाऱ्याचे, भट्टी लावणाऱ्याचे नाव वस्तूसोबत लिहा. सिलिका हाताळणाऱ्याला योग्य मास्क द्या आणि त्याच्या छातीची तपासणी करा. कला महाविद्यालयांच्या सिरॅमिक विभागात आरक्षणाच्या जागा भरा आणि भट्टीचा, ग्लेझचा खर्च शिष्यवृत्तीत धरा. सरकारी योजनेतून 'कुटुंबाची परंपरा' काढा. ज्याला शिकायचे त्याला शिकू द्या, मग तो कोणाच्याही घरचा असो. आणि कुंभार समाजाला माझे सांगणे: चाकावरून बाईची बंदी आज उठवा, आणि कोनाड्यातल्या कपाबद्दल आपापल्या घरात बोला.

मागच्या दिवाळीत मी आईला चुलतभावाच्या विजेच्या चाकावर बसवले. वडील काही न बोलता बाहेर निघून गेले. ती ५७ वर्षांची आहे. तिने बोळके काढले, त्याचे तोंड एका बाजूला कलले. ती लगेच ते चेंगरायला निघाली. मी हात धरला. "हे कोण घेईल गं?" ती म्हणाली. मी म्हटले, हे विकायचे नाही. मग साक्षरता वर्गात शिकलेल्या अक्षरांत, काडीने, तिने बुडावर आपले नाव लिहिले. आव्यात ते तडकले. तडकलेलेच माझ्या टेबलावर आहे, त्यात मी पेन ठेवते.

मित्रमैत्रिणींनो, तुम्ही माती करा किंवा कोडिंग करा, वकिली करा किंवा पीएचडी. तुमच्यावर घराची, समाजाची, 'बघा हां, आपले नाव खराब करू नका' या वाक्याची जबाबदारी आहे हे मला माहीत आहे. तरी आठवड्यातून एकदा काहीतरी असे करा जे चुकले तरी चालेल. वाकडे होऊ द्या. त्याखाली स्वतःचे नाव लिहा. आणि कुणी प्रवर्ग विचारला तर सांगा, मग विचारा: साहेब, तुमच्या किती ब्युरेट फुटल्या होत्या?

जय जोती, जय भीम.